आठ कोरे रकाने

इनेसची मेल शुक्रवारी दुपारी आली, तेव्हा नूपुर कॉलेजच्या ग्रंथालयात परत आलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्यामागे बसली होती. मेल चार ओळींची होती. सेव्हियाचं घर आणि हेरेसचं घर, दोन्ही सोमवारी सकाळी दहापर्यंत तुमच्या नावावर धरून ठेवली आहेत. एक कोणतं ते कळवा, दुसरं मी सोडून देते. वेळेत कळवलं नाहीत तर दोन्ही जातील आणि मार्चच्या आत तिसरं मिळेल असं वाटत नाही. खाली एक ओळ तिने मागाहून जोडली होती : स्पेनमध्ये येऊन उत्तरेकडे तोंड असलेलं घर मागणारं तुमचं पहिलंच कुटुंब. लिहिण्यात काही चूक तर नाही ना झाली?

सकाळचे दहा म्हणजे नागपुरात दुपारचे अडीच. नूपुरने ते टेबलावरच्या चिठ्ठीवर लिहून ठेवलं आणि पुस्तकांवर शिक्के मारायला घेतले.

लिहिण्यात चूक झाली नव्हती.

पुष्कर, तिचा नवरा, नागपूर विमानतळालगतच्या मिहानमध्ये विमानांच्या दुरुस्तीच्या कामावर होता. त्याच्या कंपनीचा तसाच एक कारखाना दक्षिण स्पेनमध्ये होता, सेव्हिया शहराच्या विमानतळाला लागून. तिथे तीन वर्षांसाठी माणसं हवी होती. एप्रिलमध्ये त्याचं नाव पुढे आलं, कागदपत्रांत उन्हाळा आणि पावसाळा गेला, आता एक मार्चला हजर व्हायचं होतं. घर शोधून द्यायचं काम कंपनीने इनेस नावाच्या बाईकडे दिलं होतं. ज्याला ज्याला ही बातमी कळली त्याने एकच गोष्ट सांगितली : मजा आहे बुवा, तिथे वर्षभर ऊन! नागपूरच्या माणसाला ऊन हे आमिष म्हणून सांगावं, याचं पुष्करला हसू यायचं. इथे घर घ्यायचं तर माणूस आधी दुपारी तीनला जाऊन पाहतो, पश्चिमेच्या भिंतीला हात लावतो, कूलर कुठल्या खिडकीत बसेल ते विचारतो. मग बाकीचं.

नूपुरच्या बाबांनी तर आयुष्यभर दुसरं काही केलंच नव्हतं. गिरिधर डबीर सोनेगावच्या वेधशाळेत निरीक्षक होते. सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच या दोन वेळा चौतीस वर्षं त्यांच्या अंगात इतक्या मुरल्या होत्या की निवृत्तीनंतर त्यांनी मनीषनगरच्या आपल्या इमारतीच्या गच्चीवर स्वतःची पेटी बसवली. चार पायांवर उभी, पांढरी, झडपांच्या भिंतींची लाकडी पेटी, आत तापमापक. रोज दोन वेळा वर जायचं, आकडे वाचायचे, वहीत लिहायचे. सोसायटीतली मुलं त्यांना 'टेंपरेचर आजोबा' म्हणत.

पुष्करचं नाव पुढे आल्याबरोबर त्यांनी हिरव्या कापडी बांधणीचं एक नवं रजिस्टर काढलं होतं. नात चिन्मयीला शेजारी बसवून इंटरनेटवरून तिकडचे आकडे उतरवले. तीन शहरं घेतली : सेव्हिया, तिथून रेल्वेने तासाभरावरचं हेरेस, आणि समुद्रावरचं काडिझ. प्रत्येकापुढे बारा महिन्यांचे बारा रकाने आखले. काडिझवर फुली होती आणि शेजारी बारीक अक्षरात 'दमट. सुमतीचे गुडघे.' सुमती म्हणजे नूपुरची आई. सेव्हियावरही फुली होती. 'जुलै ३६. लाट आली की ४५. म्हणजे नागपूरच.' हेरेसला बरोबरची खूण. त्याच्या खाली : 'तिसरा मजला. उत्तरेकडे तोंड. दक्षिणेला नुसती भिंत, खिडकी नको.'

एकोणीस मेला दुपारी तिचं त्यांच्याशी फोनवर बोलणं झालं होतं. ती म्हणाली होती, "तुम्ही सांगाल तेच घर, बाबा. शब्द देते." ते म्हणाले होते, "अगं, माझं अजून झालेलं नाही." तिने ते हसण्यावारी नेलं होतं, कारण त्यांचं कधीच काही झालेलं नसायचं. त्या संध्याकाळी साडेपाचला ते गच्चीवर गेले आणि खाली आले नाहीत. पाण्याच्या टाकीच्या सावलीत टेकून बसलेले सापडले. डॉक्टर म्हणाले, हृदय. पारा पंचेचाळीसवर होता. किती ते नेमकं कळलं नाही, कारण त्या दिवसाचं संध्याकाळचं रीडिंग वहीत नव्हतं.

तेव्हापासून नूपुर गच्चीवर गेली नव्हती. आईकडे मात्र रोज जायची, दोन गल्ल्यांवर तर घर. आणि दिलेला शब्द तिने इनेसला कळवला होता, जसाच्या तसा : हेरेस, तिसरा मजला, उत्तर. कारखान्याजवळचं, दक्षिणेला बाल्कनी असलेलं सेव्हियाचं घर इनेसने स्वतःहून जोडलं होतं.

*

शनिवारी सकाळी नूपुर आईच्या घरी असताना वामनराव पेटी उतरवायला आले. मंगळवारपासून सोसायटी गच्चीला वॉटरप्रूफिंग करणार होती, आणि पेटीला दुसऱ्या कुणी हात लावलेला सुमतीबाईंना चालणार नव्हता. वामनराव वेधशाळेत बाबांच्या हाताखाली सव्वीस वर्षं होते. सत्तरीला टेकलेले, पण पाठ ताठ.

"काहून वं नूपुर, इतकी वाळून गेली?" चपला काढता काढता त्यांनी विचारलं. "विमानात वजन कमी लागते म्हणून का?"

"बसा वामनकाका. चहा टाकते."

"आधी काम." ते एकटेच वर गेले. अर्ध्या तासाने तापमापक रुमालात गुंडाळून खाली आले आणि जेवणाच्या टेबलावर अलगद ठेवले. पेटी दोघा वॉचमननी जिन्यावरून उतरवली. नूपुरने दाराच्या फटीतून तिचा एक पांढरा कोपरा तेवढा पाहिला.

चहा पिताना त्यांनीच विषय काढला. "घर ठरलं म्हणते तुझी आई?"

"जवळजवळ. बाबांनी लिहून ठेवलंय तसंच मिळालंय." तिने रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवलं. इतके महिने ते ती कुणाला दाखवत नव्हती. वामनरावांना मात्र दाखवावंसं वाटलं. त्यांच्याइतकं ते अक्षर कुणी वाचलं नव्हतं.

वामनरावांनी चष्मा लावला. ओळीवरून बोट फिरवत वाचलं आणि हसले. "उत्तरेकडे तोंड! हे तं साहेबानं पेटीचंच घर मागितलं."

"म्हणजे?"

"पेटीचं दार नेहमी उत्तरेले राह्यते. रीडिंग घ्यायले दार उघडलं तरी ऊन थर्मामीटरवर नाई पडलं पाह्यजे. पहिल्याच दिवशी शिकवलं होतं मले. मी घाईनं पेटी उलटी ठेवली होती, तं अख्ख्या ऑफिससमोर बोलले." ते पुन्हा वाकून पाहू लागले. "पण माणूस का थर्मामीटर हाये?"

नूपुरने आपला कप बाजूला ठेवला. तिला ते थोडं लागलंच. वामनरावांच्या ते ध्यानात आलं असावं, पण ते पानावरून नजर काढत नव्हते. त्यांनी पान उजेडाकडे तिरकं केलं.

"हे तं शिसपेन्सिलनं हाये."

"हो. मग?"

"मग काय? तू त्यांची पोरगी, तुले नाई मालूम? शिसपेन्सिल म्हणजे वाचलं. शाई म्हणजे तपासलं. महिना भरल्याबिगर शाईले हात नाई लावू देत होते कोणाले. एकदा पावसात माझी झोप लागली अन् रीडिंग हुकली. मी आपली अंदाजानं भरली, मागच्यापुढच्यावरून. कोणाले कळलं नसतं. साहेबाले कळलं. म्हणे, वामन, कोरं ठेवायचं होतं. कोऱ्यानं नोकरी जात नाही. तू मले खोटा आकडा देऊन राहिला अन् मी त्याच्यावर सही करून राहिलो." त्यांनी रजिस्टर टेबलावर ठेवलं. "अन् आता हे पाह्य. एप्रिल, मे, जून, जुलै. चारच भरले. आठ कोरे."

"झालं नव्हतं त्यांचं," नूपुर म्हणाली. "वेळच मिळाला नाही."

"असंन. पण मग जानेवारीपासून काहून नाई धरलं? आम्ही रजिस्टर जानेवारीपासून भरतो. साहेब मधूनच सुरू करणारा माणूस नव्हता, पोरी."

नूपुरने ते कोरे रकाने पुन्हा मोजले. वामनरावांनी चहा संपवला, तापमापकांचा रुमाल पुन्हा बांधला, आणि दारात थांबून म्हणाले, "मी सांगून नाई राहिलो, काय करायचं ते. मी फक्त वाचून दाखवलं."

*

संध्याकाळी साडेपाचला इनेसचा व्हिडिओ कॉल होता. तिच्याकडे दुपारचा एक वाजत होता. नूपुर आणि पुष्कर सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसले. चिन्मयी मागे सोफ्याच्या पाठीवर चढून बघत होती.

इनेसने आधी हेरेसच्या घराचा रस्ता दाखवला. डिसेंबरचं पिवळं, स्वच्छ ऊन. समोरच्या चौकात म्हातारी माणसं बाकांवर रांगेने बसली होती, सगळी एकाच दिशेला तोंड करून, डोळे मिटून. मग ती जिना चढली, कुलूप काढलं, आणि आत येताना तिने कोटाची बटणं लावली.

"आत येऊन कोट घालते?" पुष्कर हळूच म्हणाला.

घर चांगलं होतं. तीन खोल्या, उंच छत, गुळगुळीत फरशी. इनेस बोलत होती तेव्हा तिच्या तोंडातून वाफ निघताना दिसत होती. नूपुरने विचारलं, हीटर? इनेस हसली. म्हणाली, इथली जुनी घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली आहेत, हिवाळ्यात आम्ही बाहेर जाऊन शेकतो. जानेवारीत या घरात रस्त्यापेक्षा जास्त थंडी असते. मग तिने प्रामाणिकपणे कॅमेरा एका कोपऱ्याकडे नेला. भिंतीला ताजा रंग होता आणि रंगाखालून काळसर ओल वर येत होती.

"तुमचं ठरलंच असेल तर मी कागद तयार करते," ती म्हणाली. "फक्त एक सांगा. तुम्हाला कुणाला उन्हाचा काही आजार आहे का?"

चिन्मयीला एवढं इंग्रजी कळत होतं. ती खुदकन हसली आणि आईचा चेहरा बघून गप्प बसली.

कॉल संपल्यावर पुष्कर उठून उगाचच पडदे ओढू लागला. नूपुर त्याच्या पाठीकडे बघत म्हणाली, "तुला हेरेस नकोच होतं ना?"

"मी असं कधी म्हणालो?"

"तेच तर. एकदाही म्हणाला नाहीस."

"बाबांनी जिथे फुली मारली तिथे मी काय बोलणार, नूपुर?" तो परत येऊन बसला. "खरं सांगू? सकाळची शिफ्ट सहाला. हेरेसहून निघायचं म्हणजे साडेचारला घर सोडायचं. हिंगण्याच्या जुन्या नोकरीला सहा वर्षं पहाटे मोटरसायकल हाणली, तेव्हा तिशीत होतो. आता मान आखडते. पण करीन. माणसं करतात."

"मग इतके दिवस मला का नाही सांगितलंस?"

"तू त्या रजिस्टरला हात लावू देत होतीस का कुणाला?" तो रागाने नाही, दमून बोलला. "परवा चिन्मयीने नुसतं उघडलं तर केवढी ओरडलीस तिच्यावर. तिनेच उतरवलेले आकडे आहेत ते."

सोफ्याच्या पाठीवरून चिन्मयी केव्हा उतरली आणि आतल्या खोलीत गेली, दोघांनाही कळलं नव्हतं.

*

रविवारी अकराच्या सुमारास नूपुर आईकडे गेली, तेव्हा सुमतीबाई दारातच भेटल्या. काखेत गुंडाळलेली चटई, हातात तुरीच्या शेंगांनी भरलेली टोपली.

"बरी आलीस. ही टोपली धर. वर बसून बोलू."

"इथेच बसू ना आई."

सुमतीबाईंनी तिच्याकडे पाहिलं. सात महिन्यांत त्यांनी हा प्रश्न एकदाही लावून धरला नव्हता, आजही धरला नाही. चटई दाराबाहेर टेकवून त्या आत आल्या आणि दिवाणखान्यातल्या खुर्चीवर शाल लपेटून बसल्या. घर उत्तरेकडे तोंड करून होतं. अठरा वर्षांपूर्वी बाबांनी तीन वेळा होकायंत्र लावून ते निवडलं होतं. मे महिन्यात शेजारीपाजारी दुपारची झोप काढायला इथे येत. आज बाहेर लख्ख ऊन होतं आणि आत फरशी पायांना झोंबत होती.

नूपुरने रजिस्टर आईच्या मांडीवर उघडून ठेवलं. "वामनकाका म्हणतात, बाबा मधूनच सुरू करणार नाहीत. एप्रिल ते जुलैच का भरलं त्यांनी? बाकीचे आठ महिने राहून गेले की..."

"राहून नाही गेले," सुमतीबाई म्हणाल्या. "ते कोरेच राहणार होते. त्या महिन्यांत आम्ही तिथे नसतो ना."

नूपुरला क्षणभर अर्थच लागला नाही.

"अगं, नव्वद दिवसांचा व्हिसा मिळतो म्हणे फिरायला येणाऱ्यांना. एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात निघायचं, इथला उन्हाळा तिथे काढायचा, पाऊस सुरू झाला की परत. दर वर्षी. सगळं गणित मांडलं होतं. मी भांडले, म्हटलं माझं लोणचं बुडतं. तर म्हणाले, कैऱ्या घेऊन जाऊ." त्या हसल्या, आणि शालीचं टोक नीट करण्यात थोडा वेळ घालवला. "पहिल्यांदाच म्हणाले हो ते, की आता मला हा उन्हाळा सोसत नाही. एवढी वर्षं मोजला, पण सोसत नाही असं कधी तोंडातून निघालं नव्हतं."

"मला का नाही सांगितलं?"

"तू म्हणाली असतीस, कायमचेच या. आणि हिवाळ्यात नागपूर सोडायचं नव्हतं त्यांना. सगळं पक्कं झालं की तुला सांगणार होते."

"म्हणजे हे..." नूपुरने त्या ओळीवर बोट ठेवलं. तिसरा मजला, उत्तरेकडे तोंड.

"ते तुझं घर नव्हते शोधत, बाळा," सुमतीबाई म्हणाल्या. "आमची खोली शोधत होते."

खालून भाजीवाल्याच्या गाडीवरच्या भोंग्याचा आवाज आला आणि गल्लीच्या टोकाला जाऊन थांबला. नूपुरने पानावरचं बोट उचललं नाही. सात महिने ती त्या ओळीला बाबांचा निरोप समजत होती. निरोपाला नाही म्हणता येत नाही म्हणून तिने नवऱ्याला विचारलं नव्हतं, मुलीला ओरडली होती, इनेसला वेडगळ वाटेल असं पत्र लिहिलं होतं. आणि ती ओळ म्हणजे एका थकलेल्या माणसाने स्वतःसाठी मागितलेली सावली होती. वर्षातून तीन महिने. तो माणूस आता येणार नव्हता. एवढंच तिला इतके दिवस मान्य करायचं नव्हतं, असं तिच्या आता ध्यानात आलं. ते घर तयार ठेवलं की कुणीतरी येणार आहे असं वाटत राहतं.

तिने हळूच रजिस्टर मिटलं. मग म्हणाली, "तुला चालणार होतं का, असलं घर?"

"मला?" सुमतीबाईंनी खोलीभर नजर फिरवली. "उन्हाळ्यात या घरासारखं घर नाही, ते मी कुणापुढेही कबूल करीन. पण दिवाळी ते होळी मी गच्चीवर संसार केलाय, नूपुर. निवडणं वर, टिपणं वर, दुपारचं पडणंसुद्धा वर. हे घर मला थंडीत कधी आवडलं नाही."

"बाबांना माहीत होतं?"

"माहीत? साडेपाचच्या रीडिंगला ते साडेतीनलाच वर यायचे. तुला काय वाटलं, दोन तास थर्मामीटर पुसायचे?" त्या आता खरोखर हसत होत्या. "माझ्या चटईवर बसायचे. पाय उन्हात. अर्ध्या शेंगा सोलून, सोललेल्या अर्ध्या खाऊन टाकायचे. आणि साडेपाच वाजले की उठून एकदम निरीक्षक!"

नूपुरने हे कधी पाहिलं नव्हतं. तिच्या आठवणीतले बाबा कायम सावलीत होते. पडदे ओढणारे, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारणारे, "डोक्याला बांधल्याशिवाय बाहेर पाऊल टाकू नकोस" म्हणणारे. चटईवर पाय पसरून बसलेला माणूस तिला डोळ्यांसमोर आणावा लागला, आणि आणल्यावर तो चटकन जाईना.

"त्या दिवशीसुद्धा..." सुमतीबाई बोलता बोलता थांबल्या. "त्या दिवशी मी म्हटलं होतं, आज राहू द्या. एक दिवस कोरा राहिला तर काय बिघडतं."

नूपुरने आईचा हात हातात घेतला. दोघींचेही हात गार होते.

*

संध्याकाळी तिने चिन्मयीला हाक मारली. रजिस्टर टेबलावर उघडं होतं आणि शेजारी टोक केलेली पेन्सिल.

"त्या दिवशी ओरडले ते चुकलं माझं. आजोबांसोबत आकडे कुठून काढले होतेस, दाखवशील मला?"

चिन्मयीने थोडा भाव खाल्ला, मग लॅपटॉप पुढे ओढला. एकेक महिना ती वाचत गेली, नूपुर लिहीत गेली. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. आकडे उतरत गेले. तुलनेला बाबांच्याच जुन्या वह्यांतून नागपूरचे आकडे घेतले.

"आई, जानेवारीत सेव्हियाला दुपारी सोळा. रात्री सहा. आपल्याकडे?"

"दुपारी एकोणतीस. रात्री तेरा."

"म्हणजे ते आपल्यापेक्षा थंड आहे?" चिन्मयीचा विश्वास बसेना. "मग सगळे तिथे उन्हाला काय जातात?"

"ते आणखी थंड जागेहून येतात."

"आणि आपण?"

नूपुरने जुलैचा रकाना पाहिला. सेव्हिया, छत्तीस. नागपूरचा मे, त्रेचाळीस. बाबांनी या दोन आकड्यांची तुलना केली नव्हती, फक्त लाटेचा पंचेचाळीस पाहिला होता, कारण त्यांना उन्हाळ्यातून उन्हाळ्यात जायचं नव्हतं. ज्यांना तिथे बारा महिने राहायचं होतं, पहाटे कामावर जायचं होतं, शाळेतून चारला घरी येऊन गरम खोलीत बसायचं होतं, त्यांच्यासाठी पान वेगळं वाचावं लागत होतं.

तिने सेव्हियावरची फुली खोडली नाही. ती फुली चार महिन्यांसाठी बरोबर होती. बाराही रकाने भरल्यावर तिने खाली आपल्या अक्षरात लिहिलं : 'सेव्हिया. दुसरा मजला. बाल्कनी दक्षिणेला. उन्हाळ्यात चटईचा पडदा लावणे.' तेही पेन्सिलीनेच. शाई एक वर्ष राहून झाल्यावर.

पुष्कर मागे येऊन उभा होता. त्याने वाचलं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "कूलर नेता येतो का विमानात?"

"बाबांनी कैऱ्या नेण्याचं ठरवलं होतं," नूपुर म्हणाली. "तू कूलर ने."

*

सोमवारी तिने अर्धी रजा घेतली. मेल रात्रीच लिहून ठेवली होती, पण पाठवली नव्हती. दीड वाजता ती आईच्या इमारतीत शिरली. चौथ्या मजल्यावर दाराला कुलूप होतं. तिथून गच्चीकडे जाणाऱ्या जिन्याच्या दहा पायऱ्या वर उजेडात संपत होत्या.

ती जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली. फोन काढून मेल पुन्हा वाचली. आमच्या आधीच्या पत्रातली मागणी माझ्या वडिलांसाठी होती, असं तिने लिहिलं होतं. ते आता येणार नाहीत. आम्हाला सेव्हियाचं घर हवं आहे, ऊन येणारं. तिने बटण दाबलं, फोन पर्समध्ये टाकला आणि कठडा धरून वर चढली.

गच्ची तिला वाटत होती त्यापेक्षा लहान निघाली. टाकी तिच्या जागी होती. तिकडे तिने एकदाच पाहिलं, पण पाहिलं. दक्षिणेच्या कठड्याजवळ चटईवर आई पाठमोरी बसली होती, समोर टोपली, डोक्यावर पदर. सिमेंटवर पेटीच्या चार पायांच्या चार फिकट खुणा राहिल्या होत्या.

सुमतीबाईंनी वळून पाहिलं. चटईवर सरकून जागा केली.

"कळवलंस?"

"आत्ताच. सेव्हिया."

"आणि खिडकी?"

"दक्षिणेला. बाल्कनी आहे."

सुमतीबाईंनी एक शेंग सोलली, दाणे टोपलीत टाकले. "रागावले असते."

"दोन दिवस."

"चार." त्यांनी आणखी एक शेंग घेतली. "मग स्वतःच बाल्कनीत खुर्ची टाकून बसले असते."

नूपुरने चप्पल काढून पाय पुढे पसरले. ऊन आधी पावलांना लागलं, मग हळूहळू गुडघ्यांपर्यंत चढलं. दूर मिहानच्या बाजूला एक विमान उतरत होतं, आवाज न करता. ती शेंगा सोलू लागली आणि सोलता सोलता दाणे तोंडात टाकू लागली. आईने ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

"तू हिवाळ्यात येशील ना?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

"हे ऊन सोडून? तिथल्या सहा डिग्रीत?" सुमतीबाई म्हणाल्या. "मुळीच नाही. मे महिन्यात येईन. वर्षश्राद्ध झालं की दुसऱ्या दिवशी. राहिलेला उन्हाळा मला या घरात काढायचा नाही."

"आणि लोणचं?"

"कैऱ्या घेऊन येईन."

टाकीची सावली तिरपी होत होत चटईच्या कडेला येऊन पोचली. सुमतीबाईंनी टोपली उचलली आणि हाताने खूण केली. "ऊठ. ऊन पुढे गेलं."

दोघींनी चटईची दोन-दोन टोकं धरली आणि ती दोन हात पुढे नेऊन अंथरली. पेटीच्या चार खुणांपैकी दोन चटईखाली गेल्या, दोन बाहेर राहिल्या.

"किती वाजले?" सुमतीबाईंनी विचारलं.

नूपुरने घड्याळात पाहिलं. "अडीच."

"मग अजून तीन तास आहे ऊन," सुमतीबाई म्हणाल्या आणि टोपली दोघींच्या मध्ये ठेवली.